ओदोनशेजारची जागा

—नाही, ती बाटली नका धरू, तिचं बूच गळकं आहे, ती मी सगळ्यात शेवटी भरते. तुम्ही बसा त्या कठड्यावर. पाणीच प्यायचंय ना? मग जरा थांबावं लागेल — धार बघा केवढी, करंगळीएवढी — अख्खं सेगेद शहर या अन्ना झऱ्यावर बाटल्या घेऊन येतं, पण झऱ्याला कुणाचीच घाई नाही. वास? येणारच. नासक्या अंड्याचा वास येतो, तेच तर औषध. पोटाला चांगलं. माझ्या नवऱ्याला, ओदोनला, मी वर्षानुवर्षं हेच पाणी पाजलं, त्याचं पोट शेवटपर्यंत उत्तम होतं — गेला तो हृदयानं. आणि आजी नका म्हणू हो मला. काकू म्हणा. गिझेलाकाकू. आजी म्हणवून घ्यायला नातवंडं लागतात, ती मला नाहीत, आणि ज्यांना आहेत त्यांचे चेहरे बघितलेत का कधी?

तर तुम्ही पेस्टहून, राजधानीतनं आलात, मासिकाकडून, आणि तुम्हाला आमच्या शहराची ओळख लिहायचीय. लिहा ना. मी सांगते, तुम्ही ते आवाज टिपायचं यंत्र चालू ठेवा. लिहा की शहर सपाट आहे, इतकं सपाट की सायकलवाल्याला चढ म्हणजे काय ते पुस्तकात वाचावं लागतं. लिहा की ऊन भरपूर. लिहा की एकदा, माझ्या खापरपणजीच्या वेळी, तिसा नदी शहरात शिरली आणि मोजकीच घरं उभी राहिली, मग जगभरातनं मदत आली, म्हणून आमच्या बाहेरच्या गोल रस्त्याला तुकड्यातुकड्यानं त्या शहरांची नावं आहेत. मी ब्रुसेल्सला राहते. माझा दातांचा डॉक्टर पॅरिसला. रोमला माझी एक मैत्रीण आहे, तिच्याकडे मी ट्रॉलीबसनं जाते, घरातल्याच सपाता घालून, हातात कोबी घेऊन. पण हे सगळेच लिहितात — दोन मनोऱ्यांचं चर्च, पाप्रिका, सपाता, माशाचं सूप — यात शहर कुठे आलं? शहर बघायचं तर दफनभूमीत जा. तिथे सगळे भेटतील. जिवंतसुद्धा.

असं तोंड काय करता? तुमच्याकडेही करतातच की — नवरा गेला की दगड दोघांचा घ्यायचा, एका बाजूला त्याचं नाव, दुसऱ्या बाजूला आपलं, आपलं जन्मसाल, मग एक आडवी रेघ, आणि रेघेच्या पुढे जागा मोकळी. फरक एवढाच, की पेस्टची माणसं नाव कोरून घेतात आणि विसरून जातात, आम्ही भेटायला जातो. मी दर रविवारी जायचे. आधी ओदोनला पुसायचं, मग स्वतःला पुसायचं. माझ्या नावाच्या खाचांत फार माती बसायची, ओदोनच्या नावात कधी बसली नाही — जिवंतपणी तसंच, चिखलातून आला तरी त्याच्या पँटला डाग नाही. कॅलेंडरात माझ्या नावाच्या संताचा, म्हणजे माझ्या नावाचा दिवस आला की मी स्वतःसाठी फुलं न्यायचे — दुसरं कोण नेणार? — आणि नेऊन ठेवली की दोन पावलं मागे सरकून बघायचे. बरं वाटायचं. आपली जागा कुठे आहे ते माणसाला ठाऊक असलं की बरं असतं.

वेंडेल तिथलाच. म्हणजे जिवंत, पण तिथलाच — आमच्या मागच्या ओळीत त्याची बायको मार्गित आहे आणि तिच्याशेजारी तो स्वतः, काळ्या दगडावर, सोनेरी अक्षरांत. ट्रॉलीबस चालवायचा. आयुष्यभर गोल रस्त्यावर पॅरिसहून ब्रुसेल्स, ब्रुसेल्सहून पॅरिस, पण माणूस शहाणा राहिला. आधी त्यानं माझा ब्रश मागितला, खाचांतली माती काढायला, मग मी त्याची पाण्याची झारी घेतली, मग तो म्हणाला, तुमचं नाव छान निघालंय हो, गिझेला. बावन्न पत्त्यांपेक्षा जास्त बायका आहेत हो त्या ओळीत, त्याला माझंच नाव छान दिसलं. आणि गेल्या नोव्हेंबरात, सगळ्या संतांच्या दिवशी — अख्खं शहर तिथे, जादा बसगाड्या, शेवंतीचे ढीग, मेणबत्त्यांनी डोळे चुरचुरतायत — दोन दगडांच्या मधे उभा राहून मला विचारतो, गिझेला, दोन घरं तापवण्यापेक्षा एकच तापवलं तर? मी म्हटलं, कुणाचं? तो म्हणाला, तुमचं, तुमच्याकडे खिडक्या नव्या आहेत. आता हे काही कुणी पुस्तकात लिहिणार नाही, पण मला विचाराल तर माझ्या आयुष्यात मला कुणी एवढं सरळ काही विचारलेलं नाही.

पण मी बाई विचार करणारी. मी म्हटलं, आणि नावं? तुमचं नाव मार्गितजवळ, माझं ओदोनजवळ — आता एका घरात राहायचं आणि मेल्यावर आपापल्या घरी जायचं, हे काय शाळेचं वसतिगृह आहे? त्यानं झारी खाली ठेवली. मग म्हणाला, काढून टाकू. दोघंही काढून टाकू, मग पुढचं पुढे बघू. हात मिळवला आम्ही त्यावर. आणि मी — मी अशीच आहे, ठरलं की ठरलं — पुढच्याच आठवड्यात बालिंट पाथरवटाला घेऊन गेले आणि माझं नाव घासून काढलं. चांगलं काम करतो बालिंट. फक्त रेघ राहिली. म्हणाला, काकू, रेघ फार खोल गेलीय, ती काढायला बसलो तर दगड आरपार जाईल. म्हणून राहू दिली. एका बाजूला ओदोन, पूर्ण, जन्म-मृत्यूसकट, आणि दुसऱ्या बाजूला गुळगुळीत दगडावर नुसती एक रेघ.

वेंडेल? वेंडेलनं नाही काढलं. आधी म्हणाला, थंडी पडलीय, थंडीत दगड तडकतो. मग म्हणाला, गुडघा दुखतोय. मग मार्गितच्या नावाचा दिवस आला — ऐन नावाच्या दिवसाच्या तोंडावर कसं काढायचं, बरोबर आहे, ते मलाही पटलं. मग मुलगी आली ग्यूरहून. मग मुलगी गेली म्हणून उदास झाला. असा सगळा हिवाळा. थांबा, ही भरली. दुसरी लावते. तुमच्या पायाशी आहे बघा, ती हिरवी — द्या.

आणि शहर. तुम्हाला शहराबद्दल लिहायचंय ना? तर शहर हे असं — वेंडेलबद्दल कुणाला पत्ता नाही, लग्नाचं कुणाच्या स्वप्नात नाही, पण माझं नाव निघाल्याचं पहिल्याच रविवारी सगळ्यांना कळलं. औषधाच्या दुकानातली बाई गोळ्या देता देता हळूच विचारते, मग आता तुम्ही कुठे असणार? जशी काही मी घर बदललंय आणि तिला बिल पाठवायचंय. खाटीक आवाज खाली आणतो. चर्चमध्ये माझ्याशेजारी गाणारी इर्मा, तिनं माझा हात दाबला, म्हणाली, गिझेला, मेलेल्या माणसावर किती दिवस राग धरायचा, टाक माफ करून. मी म्हटलं, माझा कसला राग? ती म्हणाली, नाही कसा, नवऱ्याला सोडून आलीस की. मी शपथेवर सांगते, तेव्हा माझा काही राग नव्हता. आणि त्या रेघेपुढे कुणीतरी एक मेणबत्ती लावून गेलं. कुणाला आठवून लावली कुणास ठाऊक. मी ती विझवली नाही, वाईट दिसलं असतं.

—नाही, तुम्हाला पुढे नाही जाऊ देता येणार, ही अर्धी भरलीय. बसा. तहानेनं कुणी मेलेलं नाही या शहरात, बुडूनच मेलेत.

तर अशात एक दिवस दारावरची बेल वाजली. दारात एक बाई. हातमोजे, टोपी, आणि ताटात रुमालाखाली गरम पोगाचा — बिस्किटांसारख्या, चीज घातलेल्या, छोट्या, खुसखुशीत, हे मान्य केलं पाहिजे. माझ्यापेक्षा फार लहान नाही. म्हणजे जरा लहान. नाव हायनाल्का. मी आत घेतलं, कॉफी ठेवली. मला वाटलं चर्चची वर्गणी. ती खुर्चीच्या टोकावर बसली आणि म्हणाली, बाई, राग मानू नका, पण ओदोनशेजारची ती जागा तुम्ही वापरणार नसाल तर मला मिळेल का?

मी म्हटलं, कसली जागा?

ती म्हणाली, माझं कुणी नाही. कुठल्याच दगडावर मी नाही. तिथे रेघही आहेच, निम्मं काम झालेलंच आहे, वर नुसतं नाव घालायचं. मी अजून कॉफीच ओततेय, बरं का. मी विचारलं, तुमची आणि ओदोनची ओळख कुठली? आणि ती बाई, मान खाली घालून, अगदी सभ्यपणे म्हणाली — गुरुवारची.

गुरुवारी ओदोन शहराच्या सार्वजनिक स्नानगृहात जायचा. कंबरेसाठी. गरम पाण्याच्या हौदात दोन तास बसायचा आणि संध्याकाळी ओल्या केसांनी घरी यायचा, गाल लालबुंद, मी म्हणायचे, बघा कसं मानवतंय. मी तिला हे सांगितलं. म्हटलं, अहो, तो तर पाण्यात असायचा. ती म्हणाली, केस मी ओले करून द्यायचे. निघताना, मोरीत, नळाखाली. टॉवेलही मीच भिजवायचे, नीट पिळून पिशवीत घालायचे. — आणि तो टॉवेल मी वाळत घालायचे, साहेब. दर गुरुवारी. वर्षानुवर्षं. दोघींनी मिळून एक टॉवेल भिजवला आणि वाळवला, आणि त्या टॉवेलनं स्नानगृहाचं तोंडसुद्धा पाहिलं नाही.

आता तुम्हाला वाटेल मी तिला हाकललं. नाही हाकललं. तुम्ही पेस्टची माणसं लगेच दारं आपटता. मला एकच कळून घ्यायचं होतं. मी विचारलं, जेवायचा का तुमच्याकडे? ती म्हणाली, जेवायचा ना. माशाचं सूप आवडायचं त्यांना माझ्या हातचं. मी म्हटलं, कसं करता? आणि तिनं सांगितलं. सगळं ठीक सांगितलं, कांदा, पाप्रिका, आणि शेवटी म्हणाली — वरनं शेवया.

कळलं का तुम्हाला मी काय सांगतेय? शेवया. माशाच्या सुपात. ती बाई बाया गावची निघाली, डॅन्यूबकाठची. दुसऱ्या नदीची बाई. तिकडे घालतात शेवया, त्यांना कुणी शिकवलं नाही. पण ओदोन? माझ्या भाचीच्या लग्नात वाढप्यानं सुपात चार शेवया टाकल्या तर हा माणूस भर पंगतीतून उठला, कोट घातला आणि चालत घरी गेला — नवरीला शुभेच्छा न देता — मला दोन वर्षं बहिणीशी बोलता आलं नाही. आणि तोच ओदोन दर गुरुवारी दुसऱ्यांदा मागून घ्यायचा म्हणे. मी आयुष्यभर त्याच्यासाठी मासा शिजवला, गाळला, पुन्हा शिजवला, तो घट्ट रस्सा, हात दुखून यायचे — आणि त्याला शेवया हव्या होत्या. बाई एक वेळ मी समजू शकते. बायका असतात. पण शेवया? हायनाल्का गेल्यावर मी स्वयंपाकघरात बसून रडले. शेवयांसाठी रडले. म्हणजे — खोटं कशाला बोलू, तुम्ही काय पुन्हा भेटणार नाही — बाईसाठीच रडले. शेवयांचं नाव पुढे करते, कारण शेवयांबद्दल चारचौघांत बोलता येतं. इर्माला सांगितलं शेवयांचं, तर ती छातीवर हात ठेवून खाली बसली. म्हणाली, आता मला कळलं तू त्याला का सोडलंस.

तर आज असं आहे. आज बालिंट दफनभूमीत आमच्याच ओळीत काम करतोय. बाराची घंटा झाली की तो जेवायला जातो आणि तिथून दुसऱ्या गावी, मग थेट उन्हाळ्यातच येणार. त्याला बारापर्यंत निरोप हवाय — ओदोनशेजारी काय घालू? हायनाल्का घालू का? की गिझेला परत घालू? मी वेंडेलला काल सांगून टाकलं. म्हटलं, बाराच्या आत मार्गितच्या दगडावरून तुझं नाव काढून इथे झऱ्यावर ये. मी इथे असेन. नाही आलास, तर मी ओदोनकडे परत जाते.

हसू नका. मी गंभीरपणे बोलतेय. जाईन परत. त्या बाईला तिथे झोपू द्यायचं आणि आपण कुठेच नाही? ओदोनच्या दगडावरून उतरले, वेंडेलच्या दगडावर चढले नाही — मग मी आहे कुणाची? शहरातलं एक माणूस मला असं दाखवा ज्याचं नाव कुठेच कोरलेलं नाही. त्या हायनाल्काकडे बघून मला तेच वाटलं हो. राग तर आलाच, पण भीतीही वाटली. म्हटलं, ही अशी ताट घेऊन दारोदार जागा मागत फिरतेय, आणि उद्या मी. आणि ओदोनजवळ माझं नाव होतं ते तरी काय — दुकानात दगडाचा नमुनाच तसा होता, दोघांचा, मला कुणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला एकदा, एकदाच, कुणीतरी मुद्दाम निवडायला हवं होतं. चार लोकांना दिसेल असं. एवढंच. फार आहे का?

—काय? हो. ओतली. दिसलं तुम्हाला? भरलेली होती, ओतून दिली. ती निळी मघाशी भरली होती, तीही ओतली. मग काय करू? बाटल्या भरून झाल्यावर बाईमाणसानं झऱ्यावर उभं राहून काय करायचं? सकाळपासून भरतेय आणि ओततेय. किती जणांना पुढे जाऊ दिलं, म्हटलं, घ्या घ्या, मला घाई नाही. तुम्हालाही जाऊ दिलं असतं. पण तुम्ही ऐकता. बाकीचे पाणी घेतात आणि जातात.

ऐकलंत? घंटा. बारा. मोठ्या चर्चची आधी, मग बाकीची सगळी मागून. ... झालं तर मग. बालिंट गेला असेल आता. डबा बरोबर आणत नाही तो, घरीच जातो. चला. ती गोणपाटाची पिशवी द्या इकडे. आणि लिहा काय लिहायचं ते. ऊन भरपूर, शहर सपाट, माणसं —

थांबा.

तो बघा. ट्रॉलीतून उतरतोय, मागच्या दारानं — उतरणारच मागनं, गुडघा. पळतोय का तो? पळतोय. त्याला पळायला मनाई आहे. वेंडेल, हळू. घंटा झाली, वेंडेल, आता पळून काय होणार? — काय? श्वास घे आधी. — बालिंटकडे होतास? बालिंट जेवायला नाही गेला? — तू थांबवून ठेवलास, माझा निरोप येईपर्यंत. बरं. काढलं नाव? — नाही काढलं. नाही काढलं म्हणतोस, आणि बाह्यांवर ही पांढरी भुकटी कसली? — घातलं? काय घातलं? — कुणाचं? — माझं. माझं कुठे घातलं? मार्गितच्या दगडावर? मार्गितच्या दगडावर माझं नाव? — कोरून झालंसुद्धा? सोनेरी? — तिच्या बाजूला की तुझ्या? — तुझ्या. मधे तू. — आणि सगळ्या ओळीतल्या बायकांच्या देखत. इर्मा होती? — इर्माही होती.

मला विचारायचं तरी, वेंडेल. — नाही, रडत नाहीये, या पाण्यानं डोळे चुरचुरतात. — फोन कर बालिंटला. सांग, ओदोनशेजारी हायनाल्काला घाल म्हणावं, आणि मी सांगितलंय म्हणावं. — पण मार्गित? अरे, दगड तिचा आहे. तिला विचारलंस? — कधी? — सगळा हिवाळा? रोज जाऊन? मग मला का नाही सांगितलंस, मी गुडघ्याला तुझ्या शेक देत बसले. — आणि? काय म्हणाली ती?

अहो, तुम्ही अजून इथेच? घ्या, लावा तोंड नळाला, प्या आणि जा बरं आता. हे आमच्या घरातलं आहे.